गाण्यांचे दप्तर आणि नवी आवृत्ती

गाणी जमवून ठेवण्याची हौस आपल्याकडे काही नवी नाही. ग्रामोफोनच्या प्लेटा लाकडी पेटीत, एकेक कागदी पाकिटात घालून ठेवलेल्या असत. पुढे कॅसेटी आल्या, त्या फडताळात रांगेने उभ्या राहिल्या. पाकिटावर किंवा कॅसेटच्या पाठीवर कुणीतरी शाईने लिहिलेले असे : 'अभंग, बाजू पहिली'. एवढ्यावर काम भागत होते. मग संगणक आला आणि सगळी गाणी एका लहानशा डब्यात जाऊन बसली. पाचशे गाणी असोत की पंधरा हजार, जागेची चिंता उरली नाही. चिंता उरली ती एकच, हवे ते गाणे सापडायचे कसे?

त्यासाठी एक निराळ्या जातीचे सॉफ्टवेअर निघाले. त्याला संगीत-संग्रहाचे सॉफ्टवेअर म्हणू या. ते गाणे वाजवते, हे खरे. पण त्याचे मुख्य काम कारकुनाचे आहे. कोणते गाणे कुठल्या कप्प्यात पडले आहे, गायक कोण, किती वेळा वाजवले, संग्रहात कधी आले, कोणत्या यादीत घातले, या सगळ्याची नोंद ते ठेवते. आज मला बोलायचे आहे ते या कारकुनाविषयी, आणि त्याची जागा नवा कारकून घेतो तेव्हा जो गोंधळ उडतो त्याविषयी. संगणकावर एके दिवशी पाटी झळकते, 'नवी आवृत्ती आली आहे, घ्यावी का?' माणूस सहज 'हो' म्हणतो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो निम्म्या गाण्यांपुढे खुणा पडलेल्या, याद्या रिकाम्या, आणि रोजचे बटण जागेवर नाही!

हे असे का होते, ते समजायला आपल्या सर्वांच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. जमीन शिवारात असते आणि तिचा सातबारा दप्तरात असतो. मग ते दप्तर तलाठ्याच्या कपाटातले असो की हल्लीसारखे संगणकातले. दप्तर जळाले म्हणून जमीन जळत नाही. पण दप्तर नसेल तर कुठला बांध कुणाचा, हे सांगणे मात्र अवघड होऊन बसते. गाण्यांचेही अगदी तसेच आहे. गाण्याची फाइल ही जमीन, आणि सॉफ्टवेअरची नोंदवही हा सातबारा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतात, हे ज्याला उमगले त्याचा अर्धा त्रास तिथेच संपला. नवी आवृत्ती येते तेव्हा ती बहुधा जमिनीला हात लावत नाही; ती दप्तर नव्याने लिहून काढते. आणि दप्तर नव्याने लिहिताना काय काय होऊ शकते, ते गावात राहणाऱ्या माणसाला मी सांगायला नको.

आता एक खरे उदाहरण पाहू. ॲपल या अमेरिकन कंपनीने ९ जानेवारी २००१ रोजी 'आयट्यून्स' नावाचे सॉफ्टवेअर बाहेर आणले. ते मुळात तिचे स्वतःचेही नव्हते. 'साउंडजॅम' नावाचे दुसऱ्यांनी केलेले सॉफ्टवेअर कंपनीने २००० मध्ये विकत घेतले, ते करणारी माणसेही घेतली, आणि त्यावर हात फिरवून हे तयार केले. ऑक्टोबर २००३ मध्ये ते विंडोज संगणकावरही मिळू लागले, आणि बघता बघता जगातल्या असंख्य घरांतल्या गाण्यांचे दप्तर त्याच्या हाती गेले.

त्याची दुसरी आवृत्ती नोव्हेंबर २००१ मध्ये आली, तेव्हाच एक विलक्षण प्रकार घडला. नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी जुनी काढून टाकावी, असा हुकूम तिच्या बसवणी-सूचनेत होता. हुकूम योग्यच होता. पण तो लिहिणाऱ्याने एक बारीक गोष्ट सोडली. संगणकाच्या तबकडीचे कप्पे पाडता येतात आणि प्रत्येकाला नाव देता येते. त्या नावात दोन शब्द असतील तर मध्ये रिकामी जागा येते. समजा एका कप्प्याचे नाव 'संगीत' आणि दुसऱ्याचे 'संगीत जुने'. हुकूम दुसऱ्या कप्प्यातली एक लहानशी वस्तू काढण्याचा होता. पण संगणक रिकाम्या जागेपाशी थांबला, त्याने 'संगीत' एवढेच वाचले, आणि त्या नावाचा अख्खा कप्पा पुसून टाकला. नाव अवतरणचिन्हांत घातले असते तर हे टळले असते! कंपनीने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन सुधारलेली दिली. पण ज्यांचे पुसले गेले त्यांचे गेले. व्याकरणाच्या तासाला विरामचिन्हांचा कंटाळा करणाऱ्या मुलांना शिक्षकांनी ही हकीकत अवश्य सांगावी.

इतका मोठा अपघात क्वचितच होतो. नेहमीचा त्रास असतो तो निराळा. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती जुनी नोंदवही आपल्या पद्धतीने लिहून घेते. ही वाट एकेरी असते. चार दिवसांनी वाटले की जुनेच बरे होते, आणि जुनी आवृत्ती पुन्हा बसवली, तर ती म्हणते, 'ही नोंदवही माझ्यानंतरच्या आवृत्तीने लिहिलेली आहे, मला वाचता येत नाही.' म्हणजे गाणी आपली, संगणक आपला, आणि वही मात्र आपल्यालाच बंद! आयट्यून्स निदान एवढे करी, की नवी वही लिहिण्याआधी जुन्या वहीची एक प्रत तारीख घालून बाजूच्या कप्प्यात ठेवी. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. ज्यांना ठाऊक होती ते ती प्रत जागेवर आणून जुन्या आवृत्तीकडे परतू शकत. मात्र मधल्या चार दिवसांत घातलेली गाणी त्या प्रतीत नसत, हेही ओघाने आलेच.

दुसरा त्रास, सापडत नाही म्हणणाऱ्या गाण्यांचा. वहीत लिहिलेले असते की अमुक गाणे अमुक कप्प्यात आहे. आपण सोयीसाठी कप्प्याचे नाव बदलतो, नाहीतर गाणी एका तबकडीवरून दुसरीवर हलवतो. शिवारातला गट नंबर बदलला, पण फेरफार नोंदवलाच नाही, तशातली गत होते. गाणे असते, पण वही त्याला जुन्या जागी शोधते, ते तिथे नसते, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह उमटते. नव्या संगणकावर जाताना आणि नवी आवृत्ती घेताना ही पाळी हटकून येते, कारण लोक दोन्ही कामे एकदमच करतात. माझ्या मते तेच टाळावे. आधी घर बदलावे, सगळे वाजते आहे ना हे पाहावे, आणि मग कारकून बदलावा. दोन्ही एका दिवशी केले की बिघाड कुठला हे कळायला मार्ग राहत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत चीड आणणारा. नव्या आवृत्तीत जुन्या सोयी नाहीशा होतात. आयट्यून्सची अकरावी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. डाव्या बाजूची रोजच्या सवयीची पट्टी तिने दृष्टीआड केली. ती परत आणता येत होती, पण कुठून ते शोधावे लागे. गाण्यांची मुखपृष्ठे एकामागून एक सरकवत पाहण्याची सोय काढून टाकली. एकच गाणे दोनदा आले आहे का, हे दाखवणारी सोयही गेली. ही शेवटची तर मोठ्या संग्रहाला अगदी गरजेची! लोकांनी ओरड केली, आणि पुढच्याच महिन्यातल्या दुरुस्तीत ती परत आली. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅक संगणकांवरचे आयट्यून्सच मोडीत निघाले आणि त्याचे गाणी, चित्रफिती, पॉडकास्ट असे वेगवेगळे वाटे झाले. यापूर्वी आयट्यून्स आपल्या नोंदवहीची एक साधी, दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येणारी नक्कल काढून ठेवी. समारंभात गाणी वाजवण्याचा धंदा करणारे डीजे लोक त्या नकलेवर अवलंबून होते. नव्या व्यवस्थेत ती नक्कल आपोआप निघेनाशी झाली. शेवटी कंपनीलाच सांगावे लागले, की ज्यांचे काम त्या नकलेवर चालते त्यांनी तूर्त नवी आवृत्ती घेऊ नये.

कुणी म्हणेल, हा एका कंपनीचा दोष झाला. तसे नाही. 'विनॅम्प' हे १९९७ साली निघालेले लहानसे, चपळ सॉफ्टवेअर आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही घरोघरच्यासारखे नांदत होते. त्याची तिसरी आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली ती जड आणि मंद. जुन्या आवृत्तीसाठी लोकांनी हौसेने केलेले मुखवटे आणि जोडण्या तिला लागू पडेनात. लोक दुसऱ्या आवृत्तीलाच चिकटून राहिले. मग करणाऱ्यांनी डिसेंबर २००३ मध्ये दुसरीचा चपळपणा आणि तिसरीच्या काही सोयी एकत्र करून थेट पाचवी आवृत्ती काढली. दोन आणि तीन मिळून पाच, म्हणून चौथी नाहीच! आपली फसलेली आवृत्ती अशी हसतखेळत पचवणारे लोक विरळा.

फुकट वाटल्या जाणाऱ्या, लोकांनी मिळून केलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हेच घडले. लिनक्सवर 'अमारॉक' नावाचे फार आवडते सॉफ्टवेअर होते. त्याचा पाया जुना झाला म्हणून ते पायापासून पुन्हा लिहिले गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती म्हणून आले. आधीच्या कितीतरी सोयी तिच्यात नव्हत्या. यानंतर हे गाणे, मग ते, अशी रांग लावण्याची सोयसुद्धा नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत काही गोष्टी परत आल्या. पण तोवर काही मंडळींनी जुन्या अमारॉकच्या धर्तीवर 'क्लेमेंटाइन' नावाचे वेगळे सॉफ्टवेअर २०१० मध्ये बाहेरही आणले. जुने घर पाडून नवे बांधताना स्वयंपाकघर सर्वांत शेवटी बांधायला घेतले, तर घरची माणसे शेजारी जेवायला जातात. आणि कधी कधी तिकडचीच होऊन राहतात.

आता करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुना पाया ठेवून वर मजले चढवता येत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. संगणक बदलतात, त्यांची मूळ प्रणाली बदलते, जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फटींतून चोर शिरतात. त्या बुजवायला नवी आवृत्ती लागतेच. पण आणखी एक कारण आहे, ते मला जास्त खरे वाटते. २००१ मध्ये लोक आपल्याजवळच्या सीडी संगणकात भरत होते, म्हणून सॉफ्टवेअर संग्रहाची काळजी घेत होते. एप्रिल २००३ मध्ये त्याच आयट्यून्समध्ये गाण्यांचे दुकान उघडले, एक गाणे ९९ सेंटला. जून २०१५ मध्ये मासिक वर्गणी भरून गाणी ऐकण्याची व्यवस्था तिथेच आली. म्हणजे आधी तुम्ही संग्रहाचे मालक होता, मग गिऱ्हाईक झाला, मग वर्गणीदार. दुकानदाराने आपली वाचनालयाची खोली हळूहळू दुकानाला जोडली, यात नवल ते काय? तुमच्या जुन्या गाण्यांची यादी मागच्या भिंतीला गेली, कारण त्या गाण्यांवर त्याला आता काही मिळत नाही.

इथे मराठी माणसाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. नवी आवृत्ती नेहमीच वाईट नसते. आपल्या लिपीला तर तिने जागा करून दिली. एमपीथ्री गाण्याच्या फाइलला मुळात नाव-गाव लिहायला जागाच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची एक चिठ्ठी डकवण्याची युक्ती काढली. बाइट म्हणजे संगणकाच्या वहीतला एक चौकोन समजा. त्या चिठ्ठीत गाण्याच्या नावाला ३० चौकोन, गायकाला ३०, संचाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला १, आणि हीच ती चिठ्ठी हे ओळखायला ३. गणिताच्या शिक्षकांनी बेरीज करून पाहावी, बरोबर १२८ भरतात.

इंग्रजी अक्षराला एक चौकोन पुरतो. देवनागरीचे आज जे युनिकोड लेखन चालते, त्यातल्या एका सर्वपरिचित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन चौकोन लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त यांचे निराळे. 'विठ्ठल' या शब्दाला १८ चौकोन. 'ज्ञानेश्वर' एवढे लिहिले की तीसच्या तीस संपले. 'माऊली' लिहायला जागा नाही! शिवाय ती जुनी चिठ्ठी मुळात रोमन लिपीसाठीच होती. १९९८ नंतर चिठ्ठीच्या नव्या पद्धती आल्या, त्या फाइलच्या सुरुवातीला बसतात, लांबीचे बंधन जवळजवळ नाही, आणि त्यांत देवनागरी सुखाने मावते. गाण्याचे नाव आज मराठीत दिसते ते या नव्या आवृत्त्यांमुळे. मात्र ज्यांनी युनिकोडपूर्वी, केवळ विशिष्ट टंकांच्या आधाराने मराठी नावे लिहिली, त्यांना नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. ती नावे हातानेच पुन्हा लिहावी लागतात, नाहीतर टंक-परिवर्तकातून काढावी लागतात.

चिठ्ठीतला प्रकाराचा रकानाही गमतीचा आहे. एका चौकोनात मावावे म्हणून प्रकारांना आकडे दिले. पहिल्या यादीत ८० प्रकार होते. त्यात पाश्चात्त्य नाचगाण्याचे नाना पोटभेद आहेत. अभंग नाही, लावणी नाही, ख्याल नाही. राग, ताल, घराणे यांना रकानेच नाहीत. म्हणून आपले रसिक राग शेऱ्याच्या रकान्यात लिहितात. हे करताना सावध असावे. नव्या पद्धतीच्या चिठ्ठीत शेरे एकाहून अधिक असू शकतात, आणि प्रत्येकावर भाषेची खूण असते. एक सॉफ्टवेअर त्यातला पहिला शेरा दाखवते, दुसरे दुसराच. तुम्ही लिहिलेला 'यमन' नव्या आवृत्तीत दिसला नाही, तरी तो फाइलमध्ये असू शकतो. घाईने पुन्हा लिहायला जाऊ नये.

यावरून मुद्द्याची गोष्ट अशी, की काही माहिती गाण्याच्या चिठ्ठीत असते आणि काही केवळ सॉफ्टवेअरच्या वहीत. नाव, गायक, संच, वर्ष हे चिठ्ठीत जाते. ते गाण्याबरोबर कुठेही फिरते. पण तुम्ही दिलेले पाच तारे, किती वेळा वाजवले, संग्रहात कधी घातले, आणि हौसेने लावलेल्या याद्या, हे आयट्यून्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये वहीतच राहते. वही गेली की ते गेले. शाळेत कुणा शिक्षकांनी परिपाठाची यादी केली असेल : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रार्थना, वारानुसार समूहगीते, दुसरी यादी २६ जानेवारीच्या लेझमीची, तिसरी स्नेहसंमेलनाची. गाणी सगळी शाबूत राहतात आणि याद्या नाहीशा होतात, ही तक्रार मी स्वतः अनेक शिक्षकांच्या तोंडून ऐकली आहे. २५ जानेवारीच्या संध्याकाळी हा प्रकार झाला की काय होते, ते त्यांनाच विचारावे.

आणि हे झाले बाजारात पुन्हा मिळणाऱ्या गाण्यांचे. आजकाल गावोगावी हातातल्या फोनवर आजीच्या ओव्या, भजनी मंडळाची जुनी चाल, भारुड, वाघ्यामुरळीची गाणी कुणी ना कुणी टिपून ठेवतो. त्या फाइलला फोन आपल्या मनाने एक लांबलचक आकडा नाव म्हणून देतो. गाणारी कोण, गाव कुठले, चाल कुणाकडून आली, हे आपण सॉफ्टवेअरमध्ये लिहितो आणि समाधान मानतो. ते वहीतच राहिले आणि वही गेली, तर आवाज उरेल पण तो कुणाचा हे सांगणारे माणूस कदाचित उरणार नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या संग्रहाचे मोल आवाजाइतकेच, ओवी कुणाची आणि कुठल्या गावची या नोंदींत आहे. एवढे मोठे काम आपल्याला झेपणार नाही, पण चार ओव्यांची नोंद तर नीट ठेवता येते.

तेव्हा नव्या आवृत्तीची पाटी झळकली की काय करावे? प्रथम 'नंतर' म्हणावे. आपोआप नवी आवृत्ती घेण्याची मुभा सॉफ्टवेअरला दिलेली असेल तर ती काढून घ्यावी. मग गाण्यांचा सगळा कप्पा आणि नोंदवहीची फाइल, दोन्ही बाहेरच्या तबकडीवर उतरवावीत. नुसती गाणी उतरवून भागत नाही, हे आता लक्षात आलेच असेल. प्रत उतरली असे समजून थांबू नये, ती दुसऱ्या संगणकावर उघडून दोन-चार गाणी वाजवून पाहावीत. याद्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात, ती सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. त्या काढून ठेवाव्यात. जे वहीतच आहे आणि मोलाचे आहे, ते चिठ्ठीत किंवा फाइलच्या नावातच लिहावे. 'ओवी, गाव, गाणारीचे नाव, वर्ष' असे नाव असलेली फाइल कुठल्याही आवृत्तीला मुकी राहत नाही. नवी आवृत्ती बाहेर येऊन महिना-दोन महिने होऊ द्यावेत. तोवर इतरांच्या तक्रारी ऐकू येतात आणि पहिली दुरुस्तीही निघालेली असते.

शाळेतल्या मंडळींना आणखी एक सुचवतो. जनरल रजिस्टर आपण कागदावर इतकी वर्षे सांभाळतोच. त्याच्याच शेजारी गाण्यांची एक दोनशे पानी वही ठेवायला हरकत नाही. अनुक्रमांक, फाइलचे नाव, गाणारे, कुणी टिपले, तारीख, एवढे रकाने पुरेत.

काही जण विचारतात, जुनीच आवृत्ती कायम वापरली तर चालेल का? चालते, एका अटीवर. तो संगणक इंटरनेटला जोडलेला नसावा. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फटी बुजवायला आता कुणी येणार नसते, तेव्हा दारच बंद ठेवलेले बरे. शाळेतला जुना, बाकी कामाला मंद झालेला संगणक गाणी वाजवायला पुष्कळ चांगला असतो. त्याला नवी गाणी द्यायची तर पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावा, आणि त्या संगणकाच्या तबकडीची प्रत वर्षातून दोनदा, सत्राच्या सुरुवातीला, न चुकता काढावी. कारण जुन्या संगणकात सॉफ्टवेअरच्या आधी तबकडीच दगा देते.